पहिल्या अल्बमच्या आधीचे संगमनेर

१/ गायकाची कारकीर्द त्याच्या पहिल्या अल्बमपासून मोजण्याची सवय आता इतिहासलेखनातही शिरली आहे. संगमनेरच्या गानपरंपरेला ही मोजपट्टी लावली, तर तिचा मोठा भाग इतिहासाबाहेर पडतो. म्हणून ही सवय तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२/ अल्बम या शब्दाचा जुना अर्थ वही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत ठेवीत, त्यावरून हे नाव रूढ झाले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. लाँग प्ले तबकडी आली ती १९४८ मध्ये.

३/ अमेरिकेतील कंट्री संगीताचा जन्म अनेकदा १९२७ च्या उन्हाळ्यात, टेनेसीतील ब्रिस्टल गावी झाला असे सांगितले जाते. राल्फ पीर यांनी तेथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे केली. वस्तुतः त्या डोंगराळ मुलखातील गाणी त्याहून कितीतरी जुनी होती. त्या वर्षी जन्मली ती बाजारपेठ.

४/ आता संगमनेरकडे वळू. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) येथलेच. फटका हा रचनाप्रकार त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते तमाशाकडून कीर्तनाकडे वळले, अशी परंपरा आहे. त्यांची कवने टिकली ती लोकांच्या कंठात आणि हस्तलिखित बाडांत.

५/ संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे १८७० मध्ये पवळाबाईंचा जन्म झाला. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९०२ मध्ये कोलकात्यात गोहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला, तेव्हा पवळाबाई बत्तीस वर्षांच्या होत्या.

६/ तमाशा मात्र तीन मिनिटांचा नसतो. गण, गौळण, बतावणी, मग वग. रात्र सरून जाते. तबकडीने त्यातली लावणी उचलली आणि सोंगाड्याची हजरजबाबी, ढोलकी-हलगीची जुगलबंदी, प्रेक्षकांची दाद बाहेरच राहिली. यंत्रात जे मावले, त्यालाच पुढे परंपरा म्हटले गेले.

७/ ध्वनिमुद्रण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तबकडी हा अव्वल दर्जाचा पुरावा आहे. पण तो कंपनीच्या निवडीचा आणि बाजाराच्या मागणीचाही पुरावा आहे. बखर वाचताना आपण लेखकाचा पक्ष विचारतो. तबकडी ऐकताना तोच प्रश्न का विचारू नये?

८/ तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर यांचे २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे निधन झाले. अशा कलावंताबरोबर अनेक वगांची पाठ असलेली स्मृती जाते. कोणती तान कोणत्या गावच्या जत्रेत वाढली, कोणता संवाद ऐनवेळी बदलला, याची नोंद कोणत्याही अल्बमच्या वेष्टनावर नसते.

९/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी जत्रेच्या मोसमात फडापर्यंत जावे. कलावंतांच्या संमतीने आणि योग्य मोबदला देऊन संपूर्ण वग मुद्रित करावा, ढोलकीवाल्यासह प्रत्येकाचे नाव नोंदवावे. पहिला अल्बम नंतरही शोधता येईल. ज्यांच्या वाट्याला अल्बम आलाच नाही, त्यांच्यासाठी मात्र फार वेळ उरलेला नाही.