वॉफल मेकर आधी उलटा करून बघा

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतून मुलं-नातवंडं घरी येणार असतील आणि त्यांच्या बॅगेत वॉफल मेकर असेल, तर एक कळकळीची विनंती आहे. तो सॉकेटला लावण्याआधी उलटा करा आणि तळाची पाटी वाचा. चष्मा शोधावा लागला तरी शोधा, कारण अक्षर बारीक असतं. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलं असेल, तर मशीन परत खोक्यात ठेवा. आपल्याकडच्या विजेवर ते थेट लावू नका. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून एकदासुद्धा नाही.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची. व्होल्टेज दुप्पट झालं म्हणजे मशीन दुप्पट तापेल, असा आपला अंदाज असतो. तो चुकतो. तापणाऱ्या कॉइलमध्ये व्होल्टेज जितक्या पटीने वाढतं, त्याच्या वर्गाच्या पटीने वॉट वाढतात. तिकडे ९०० वॉट घेणारं मशीन इथे साधारण ३३०० वॉट खेचू बघतं, म्हणजे सुमारे १४ अँपिअर. आणि आपण मिक्सर लावतो ते ओट्याजवळचं सॉकेट बहुधा ६ अँपिअरचं असतं. एमसीबी वेळेवर पडला किंवा मशीनमधला फ्यूज लगेच उडाला, तर मशीनवर भागेल. पण जुन्या चाळीत, वाड्यात अजून किटकॅट फ्यूज आहेत, आणि ‘सारखा उडतो’ म्हणून कुणीतरी त्यात जाड तार गुंडाळून ठेवलेली असते. तिथे फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली वायर तापते.

यावर हटकून एक उत्तर येतं : ‘अडॅप्टर आहे ना!’ अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हात लावत नाही. मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, म्हणून तो पुण्यातही चालतो आणि न्यू जर्सीतही. त्या सवयीमुळेच हा घोटाळा होतो. व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मशीनच्या वॉटपेक्षा जास्त क्षमतेचा. ते काही किलोंचं धूड ओट्यावर मांडून वॉफल करण्यापेक्षा इथलं मशीन विकत घेतलेलं बरं. गंमत म्हणजे उलटा प्रवास निरुपद्रवी आहे. आपला सँडविच मेकर तिकडे नेला तर तो जेमतेम पाव ताकदीने तापतो आणि ब्रेड पांढराच राहतो.

मुलाने कौतुकाने आणलेली वस्तू नाकारायची कशी, हा खरा अडसर आहे. म्हणून बॅगा भरण्याआधीच निरोप द्या. आजच फोन करा : ‘तापणारं काही आणू नकोस. वॉफल मेकर नको, टोस्टर नको, इस्त्री नको.’ सोसायटीच्या ग्रुपवरही हे टाका. रोजच्या सुप्रभातांमध्ये एक कामाचा मेसेज खपून जाईल.

इथे घेतलेल्या मशीनची पाटी २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ सांगते, म्हणून सगळं निर्धास्त आहे असं मात्र नाही. त्याला तीन पिना असतील तर तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडू नका, दोन पिनांच्या जुगाडावर मशीन चालवू नका. काहीजण सॉकेटच्या वरच्या भोकात काडी किंवा पेनचं टोपण खुपसून आतली झडप उघडतात आणि दोन पिना बसवतात. हे बघून मुलंही तेच करायला शिकतात. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर मिक्सर, इंडक्शन आणि वॉफल मेकर नको. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्या. शॉक लागताच वीज तोडण्याचं काम तो करतो, साधा एमसीबी ते करत नाही.

बऱ्याच वॉफल मेकरना चालू-बंद करायचं बटणच नसतं. पिन घातली की मशीन चालू. वरचा दिवा विझला म्हणजे मशीन बंद झालं असं समजू नका. थर्मोस्टॅट मधूनमधून कॉइल थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो, एवढंच. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा, मग पिन काढा. त्यानंतरही साचे बराच वेळ चटका देण्याइतके गरम असतात. वायर ओट्याच्या कडेवरून लोंबकळत ठेवली तर रांगतं पोर ती ओढणार, हे कुणी वेगळं सांगायला नको.

पिठाचंही बघा. इडलीच्या उरलेल्या पिठात इनो घालून वॉफल करायची आता फॅशन आहे, आणि ते लागतातही छान. पण ते पीठ फुगतं. साचा काठोकाठ भरला की पीठ बिजागरीत, तिथून आत वायरींपर्यंत जातं. कमीच घाला. झाकण हाताने दाबून धरू नका, आणि उघडताना तोंड लांब ठेवा. कडेने येणारी वाफ तव्याइतकीच भाजते. अमेरिकेत भरलेल्या वॉफलचं एक मॉडेल, गरम पीठ बाहेर येऊन लोक भाजल्यामुळे, बाजारातून परत मागवावं लागलं होतं. चिकटलेलं वॉफल सुरीने किंवा काट्याने उकरू नका, लाकडी उलथनं वापरा. मशीन नळाखाली धरायचं नाही. गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं. स्वयंपाकघरात लव्हबर्ड्सचा पिंजरा असेल तर तो दुसऱ्या खोलीत हलवा. नॉनस्टिकचा लेप जास्त तापला की निघणारा धूर पक्ष्यांचा जीव घेतो.

मशीन पेटलंच तर पाणी मारू नका. आधी मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन लावा. कुणाला शॉक लागून तो चिकटला असेल, तर वीज तोडल्याशिवाय त्याला हात लावू नका.

भाजलं तर बांगड्या, अंगठी लगेच उतरवा आणि भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि आपण हात काढून घेतो. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यातलं काहीही नको. आजी आग्रह करेल, तरी नको. फोड फोडू नका. चेहरा भाजला असेल, लहान मूल असेल, किंवा भाजलेली जागा त्या माणसाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर पाण्यानंतर स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकून थेट दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.