वर्गणीचें दुकान

अमेरिकेंत कॉस्टको नांवाच्या दुकानांत माल घेण्यापूर्वीं वर्षाची वर्गणी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून तेथें ती ६५ डॉलर आहे. वरच्या दर्जाची १३०. वरच्या दर्जाच्या सभासदास खरेदीवर शेंकडा २ परत मिळतात. म्हणजे जादा भरलेले ६५ डॉलर फिटण्यासच वर्षांत ३२५० डॉलरांचा माल उचलला पाहिजे! खाणारीं तोंडें पुष्कळ असतील तेथें हा व्यवहार परवडतो, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. दुकानदार मालावर नफा बेताचाच चढवितो. त्याची मोठी कमाई वर्गणीची.

पण एकट्या मजुरानें काय करावें? पन्नास रत्तली तांदुळाचें पोतें ठेवण्यास त्याला खोली नाहीं, वाहून आणण्यास मोटार नाहीं. स्वस्ताई पोत्यांत, आणि पोतें ज्याच्या गांठीं आधींच पैसा त्याला! गरीब बिचारा कोपऱ्यावरच्या दुकानांतून चार दिवसांपुरतें आणतो व रत्तलामागें जास्त दाम मोजतो. तिकडील आमच्या मराठी बंधूंनीं एका पोत्याचे तीन घरांत वांटे करावे. नासलेली भाजी उकिरड्यावर गेली तर तिची किंमतही हिशेबांत धरावी. समाधान न झाल्यास हें दुकान वर्गणी परत देतें. ती मागण्यास कोणीं लाजूं नये.