यंत्र भिंतीवर आहे; पण पाणी शुद्ध आहे का?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. पाणी कोणते पिता, असे विचारले की हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, पाण्याचं नाव काढू नका. आमच्याकडे आरओ आहे." इतकी वर्षे मीही हे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारत असे. बाहेरचे काही खाल्ले का, लग्नाला गेला होता का, वगैरे. यंदा मात्र तो पहिलाच प्रश्न मला माझ्या घरात विचारावा लागला.

माझ्या ७८ वर्षांच्या आईला दोन दिवस जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी सलाईन लावावी लागली. ती बाहेरचे काही खात नाही, घराबाहेर फारशी पडत नाही. तेव्हा पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातील यंत्राची वीज बंद केली आणि त्याचे झाकण उघडले. जे दिसले ते लिहायला लाज वाटते. साठवण टाकीच्या तळाला बुळबुळीत थर होता. जंतू मारणारा अतिनील दिवा पेटतच नव्हता. आजार त्याच पाण्याने झाला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते पाणी पिण्याजोगे नव्हते, हे सांगायला डॉक्टरच कशाला हवा?

आता माझी चूक सांगतो. आपण खारपाणपट्ट्यातील माणसे. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात विंधन विहिरीचे पाणी किती खारट, हे आपणांस सांगायला नको. माझ्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १६०० मिलिग्रॅम क्षार आहेत. भारतीय मानकानुसार (२०१२) ही मर्यादा ५०० आहे. दुसरा स्रोत नसेल तरच २००० पर्यंत चालते. तेव्हा आमच्या घरी आरओ ही चैन नव्हे, गरज आहे. यंत्रातून निघणारे पाणी १२० च्या आसपास असे. आई म्हणे, "हे पाणी कसं रे पाणचट लागतं!" म्हणून मीच कारागिराला सांगितले, जरा चव आणून द्या. त्याने एक छोटा स्क्रू फिरवला, मीटर बुडवून ४०० चा आकडा दाखवला आणि पैसे घेऊन गेला. आई खूश, मीही खूश.

तो स्क्रू काय करतो, हे मी विचारले नाही. तो यंत्रात कोणतेही पौष्टिक क्षार घालत नाही. मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, टाळून थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. हिशेब सोपा आहे. १६०० चे पाणी १२० च्या पाण्यात मिसळून ४०० करायचे, तर दर पाच पेल्यांत जवळजवळ एक पेला बोअरचे कच्चे पाणी हवे. त्या मिसळीनंतर दिवा चालू असता तर निदान जंतू मेले असते. तो बंद होता. म्हणजे हजारो रुपयांच्या यंत्रातून आम्ही आईला कच्चे पाणी पाजत होतो, तेही चवीने!

यावरून माझे मत असे झाले आहे की, घरात आरओ आहे हे उत्तर नव्हे. शेवटचे केव्हा उघडून पाहिले, हे उत्तर हवे. मीटरवरचा आकडा म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावरून क्षारांचा अंदाज सांगते. जंतू त्याला दिसत नाहीत. ४० चा आकडा दाखवणारे पाणीही दूषित असू शकते.

यंत्र बिघडले की कारागीर बहुधा पहिल्यांदा मेम्ब्रेन बदलायला सांगतो, कारण महाग भाग तोच. आपण मात्र क्रमाने पाहावे. पाणी कमी येते? आधी वरच्या टाकीत पाणी आहे का आणि कॉक पूर्ण उघडा आहे का, ते पाहा. मग गाळ अडवणारी पहिली गाळणी पाहा. ती मातकट झाली असेल तर दोष तिथेच. त्यानंतर कोळशाची गाळणी, मग पंप व त्याचा अडॅप्टर, आणि सगळ्यांत शेवटी मेम्ब्रेन. मेम्ब्रेनची परीक्षा घरीही होते. मिसळीचा स्क्रू पूर्ण बंद करून कच्चे व शुद्ध दोन्ही पाणी मोजा. चांगला पडदा दहातील नऊ भाग क्षार अडवतो. १६०० चे १५०-१६० झाले तर तो ठीक आहे. ३५०-४०० च्या वर गेले तर बदला.

टाकी भरली, पंप थांबला, तरी सांडपाण्याची नळी वाहतेच आहे? मग वीजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकला असावा. उलट, पंप चालू असताना त्या नळीतून काहीच येत नसेल तर तेही वाईट. क्षार बाहेर न पडता पडद्यावरच साचतात. कोळशाची गाळणी बदलायला कंटाळू नका. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तीच शोषते. ती निकामी झाली की क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जाऊन त्याला खराब करते.

एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. क्लोरीन निघून गेले म्हणजे टाकीतल्या पाण्याला राखणदार उरला नाही. म्हणून महिन्यातून एकदा वीज बंद करून टाकी रिकामी करावी, स्वच्छ स्पंजने पुसावी, सौम्य क्लोरीनचे पाणी अर्धा तास ठेवून नंतर धुऊन टाकावे. आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर टाकीतले जुने पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. दिवा निळा दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये. काही हजार तासांनंतर त्याची ताकद कमी होते. आणि उघड्या दिव्याकडे डोळे लावून पाहू नये, डोळ्यांना इजा होते.

आणखी एक. सरसकट सगळ्यांनी आरओ घ्यावा असे मी म्हणत नाही. जेथे क्षार ५०० च्या आत आहेत तेथे त्याची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली हेच म्हटले होते. हे यंत्र बरेचसे पाणी सांडपाणी म्हणून सोडते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था असते ते आपण जाणताच. नळाचे पाणी गोडे असेल तर गाळून, खळखळ उकळून पिणे पुरेसे आहे. मात्र उकळल्याने खारेपणा व फ्लोराईड जात नाही, हेही लक्षात असावे. म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. विक्रेत्याचा मीटर म्हणजे तपासणी नव्हे.

कारागीर आला की त्याच्या पावतीवर कच्च्या व शुद्ध पाण्याचे आकडे आणि बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्या. त्याने स्क्रू फिरवला तर का फिरवला, ते विचारा. मी विचारले नव्हते.

आई आता बरी आहे. स्क्रू बंद केला, दिवा बदलला, टाकी घासली. पाणी पुन्हा पाणचट लागते, अशी तिची तक्रार सुरू झाली आहे. मी ती ऐकून घेतो आणि पेला तिच्या हातात देतो.