‘तो काही करत नाही हो!’

इथे इंग्लंडमध्ये कुत्रा पाळलेल्या मराठी घरी गेलं, की दारातच हे वाक्य कानावर पडतं. तीस किलोचा लॅब्रॉडॉर पाहुण्याच्या अंगावर झेपावत असतो आणि यजमान हसत हसत सांगत असतात, ‘घाबरू नका, तो काही करत नाही हो!’ मोठ्या माणसांच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येतं. पण त्याच घरात रांगणारं बाळ असेल, तर या वाक्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही. आमच्याच घरात सहा वर्षांची कुत्री आणि तीन वर्षांची मुलगी आहे. करोनाच्या काळात घरून काम सुरू झालं, तेव्हा इथे असंख्य कुटुंबांनी पिल्लं आणली. आपली मंडळीही त्यात होती. त्यातल्या कित्येक घरांत कुत्रा आधी आला आणि बाळ नंतर. म्हणजे सोफा, पलंग, आईबाबांचा वेळ, सगळ्यावर आधी कुत्र्याचा हक्क होता. बाळ आल्यावर नियम बदलले, पण ते कुत्र्याला कोणी समजावून सांगितले नाहीत.

लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा परका नसतो. तो घरचा असतो, नाहीतर मित्राचा किंवा नातेवाइकाचा. दीड-दोन वर्षांच्या मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, म्हणून चावा हातापायाऐवजी चेहऱ्यावर आणि डोक्यावर बसतो. तोही बहुधा ठरलेल्या प्रसंगी: कुत्रा खात असताना, झोपेत असताना, आवडतं खेळणं तोंडात असताना किंवा त्याला कुठे दुखत असताना. मूल गळ्यात मिठी मारतं. आपल्याला ते प्रेम दिसतं, पण कुत्र्याला ती पकड वाटू शकते.

कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा सांगतो. तो मान वळवतो, विनाकारण जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो. हे कोणी वाचलं नाही, की मग गुरगुरतो. आणि आपण काय करतो? गुरगुरल्याबद्दल त्याला रागावतो. सर्व्हर बिघडल्याचा अलार्म वाजतोय म्हणून अलार्मच बंद करावा, तसा हा प्रकार. गुरगुरायचं नाही हे शिकलेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो. गुरगुर ऐकली की शिक्षा नको, आधी मुलाला बाजूला घ्यायचं.

म्हणून पहिला नियम एकच: पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. दाराशी पार्सल आलंय, दूध उतू जातंय, दोन मिनिटांचा कॉल आहे, तरीही नाही. एकाला बरोबर न्यायचं किंवा मध्ये बेबी गेट लावायचं. कुत्र्याला स्वतःची एक जागा हवी, जिथे मुलाला प्रवेश नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून कुत्रा आवरण्याची कायदेशीर जबाबदारी घराच्या आतही लागू आहे. पण इथे कायद्याची भीती दुय्यम, मुलाचा चेहरा महत्त्वाचा.

आता स्वच्छता. कुत्र्यांच्या पोटात टोक्सोकारा नावाचे जंत होतात. पिल्लांना ते बऱ्याचदा आईच्या पोटातूनच किंवा दुधातून मिळतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, काही आठवड्यांनी संसर्गजन्य होतात आणि मग मातीत दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळून हात तोंडात घालणारं मूल ती गिळू शकतं. क्वचित प्रसंगी या जंतांच्या अळ्या डोळ्यापर्यंत पोचतात आणि दृष्टीला इजा होते. उपाय सोपे आहेत. बागेतली विष्ठा त्याच दिवशी उचलायची. वाळूच्या खेळाला झाकण ठेवायचं. पिल्लाला व्हेटच्या सल्ल्याने वारंवार आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध द्यायचं. मुलाचे हात नळाखाली साबणाने धुवायचे, कारण जंतांच्या अंड्यांवर सॅनिटायझर भरवशाचा नाही. कुत्र्याला कच्चं मांस घालण्याची सध्या फॅशन आहे, पण त्यातून साल्मोनेला घरात येऊ शकतो. रांगतं मूल असलेल्या घरात ती फॅशन नको.

‘जंतूंनी प्रतिकारशक्ती वाढते’ असं यावर हमखास ऐकवलं जातं. २०१५ सालच्या एका मोठ्या स्वीडिश अभ्यासात पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये पुढे दम्याचं प्रमाण थोडं कमी आढळलं, हे खरं. पण त्याचा अर्थ बाळाचं तोंड कुत्र्याला चाटू द्यावं, असा होत नाही.

या विषयावरून आपल्या घरांत वाद पेटतो तो आजी-आजोबा आले की. आजी म्हणते, कुत्रा स्वयंपाकघरात नको, त्याचं भांडं वेगळं घासा, बाहेरून आल्यावर हातपाय धुवा, चपला दाराबाहेर काढा. मुलगा-सून कुजबुजतात, जुने विचार! मला तर यातल्या एकाही नियमाशी कुठला व्हेट भांडेल असं वाटत नाही. आजीला सोवळं म्हणून हसू नये. शिवाय आपण वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आणि खाली आजी, बाळ आणि कुत्रा, ही व्यवस्था सुरक्षित नाही. त्या कुत्र्याला ‘सिट’ आणि ‘लीव्ह इट’ कळतं, आजीचं ‘अरे, बाजूला हो’ कळत नाही. कुत्रा ज्याचं ऐकतो, असा माणूस खोलीत हवा.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचं, भारतवारीचं. ब्रिटनमध्ये कुत्र्यांत रेबीज नाही. इथे वाढलेलं मूल प्रत्येक कुत्र्याला मित्र समजतं आणि पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी झोपलेल्या कुत्र्याकडे ‘डॉगी!’ म्हणत धावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. त्यामुळे निघण्यापूर्वीच मुलाला पढवा: विचारल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याला हात लावायचा नाही, रस्त्यावरच्या तर नाहीच. इथे प्रवासापूर्वी रेबीजची लस घेता येते. तिचे तीन डोस साधारण तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतात, पैसे बहुधा पदरचे जातात. पण ती घेतलेली असली, तरी चावल्यावर डॉक्टरकडे जावंच लागतं.

चावा, ओरखडा किंवा जखमेवर चाटणं, काहीही झालं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागेल का, हे आवर्जून विचारायचं. पोटातली चौदा इंजेक्शनं आता इतिहासजमा झाली आहेत. लस दंडात किंवा लहान मुलांना मांडीत देतात, तेव्हा त्या भीतीने घरगुती उपायांत वेळ घालवू नका. मुलानेही ओरखडा लपवू नये. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा, की कुत्र्याने काही केलं तर लगेच येऊन सांग, कोणी रागावणार नाही.