विश्लेषण : आधी सिगारेट सोडायची, की आधी जिम लावायची?

कॉलेजात नियमित वजने उचलायची, नोकरी लागल्यावर जिम सुटायची आणि ऑफिसखालच्या टपरीवर चहासोबत सिगारेट लागायची, ही अनेक तरुणांची गोष्ट. त्यांचा बेतही ठरलेला असतो : 'आधी सिगारेट सोडतो, मग जिम लावतो.' ही 'मग' सहसा येत नाही. दोन्ही एकत्र सुरू करणेच शहाणपणाचे. फक्त पहिल्या महिन्यात जिमकडून अपेक्षा वेगळी ठेवायला हवी.

शरीरात काय बदलते?

धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक सहज बांधला जातो. त्यामुळे स्नायूंना ऑक्सिजन कमी मिळतो आणि लवकर दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, शेवटच्या सिगारेटनंतर १२ तासांत रक्तातील या वायूची पातळी सामान्य होते. २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते.

मग सुरुवातीचे दिवस जड का जातात?

चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण महिनाभरात ओसरतो. त्यात एक दुर्लक्षित कारण म्हणजे कॅफिन. धूम्रपान करणाऱ्यांचे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करते. सिगारेट सुटली की तोच चहा किंवा प्री-वर्कआउट पेय शरीरात जास्त वेळ टिकते आणि धडधड वाढते. म्हणून त्याचे प्रमाण निम्म्यावर आणावे.

वजन वाढते, त्याचे काय?

सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते. या भीतीने अनेक जण पुन्हा सिगारेट पेटवतात. पण तेवढे वजन वाढूनही सिगारेट सोडण्याचा फायदा मोठाच राहतो.

व्यायाम कसा करावा?

जुने आकडे विसरावेत. पूर्वीच्या निम्म्या वजनापासून, आठवड्यातून दोन-तीन दिवस सुरुवात करावी. ताकद लवकर परतते. स्नायुबंधांना वेळ लागतो. जिमची वेळ तलफ येते तीच ठेवावी. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात स्क्वॉटचे दोन सेट होतात. छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे.

एवढ्याने सिगारेट सुटेल?

व्यायामाने तलफ तेवढ्यापुरती कमी होते, हे अभ्यासांत दिसले आहे. केवळ व्यायामाने सिगारेट कायमची सुटते, याचा पुरावा मात्र कमकुवत आहे. म्हणून निकोटिन गम, समुपदेशन यांची जोड हवी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे.

एक आक्षेप रास्त आहे : दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या, तर एक घसरली की दुसरीही घसरेल. यावर उपाय म्हणजे दोन हिशेब वेगळे ठेवणे. आज सिगारेट ओढली गेली, तरी संध्याकाळचा व्यायाम चुकवू नये. पहिल्या महिन्यात बारवर किती किलो चढले ते मोजू नका; किती दिवस जिमची पायरी चढलात, तेवढेच मोजा.