कुठल्या सालची सरासरी?

प्रति,
प्रमुख, हवामान संशोधन व सेवा विभाग,
भारतीय हवामानशास्त्र विभाग,
शिवाजीनगर, पुणे.



२८ मे २०२४ रोजी झाशीच्या केंद्रावर ४९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या आठवड्यात देशभर चर्चा मात्र दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या ५२.९ अंशांची होती. पुढे आपल्याच खात्याने तपासणी केली आणि तिथल्या स्वयंचलित केंद्राचा संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता असे जाहीर केले. सरकारी खात्याने स्वतःचा आकडा स्वतः खोडावा, असे प्रसंग विरळाच. त्याबद्दल मनापासून अभिनंदन. मुंगेशपूरचा आकडा गेला, झाशीचा राहिला, आणि त्याबद्दल पुढे फारसे कोणी बोलले नाही.

एका दिवसाचा उच्चांक ही बातमी झाली. वर्षानुवर्षांचा कल कळायला जुनी नोंदवही लागते. देशभरच्या केंद्रांच्या जुन्या नोंदी पुण्यात आहेत, म्हणून हे पत्र दिल्लीच्या मौसम भवनाऐवजी शिवाजीनगरच्या पत्त्यावर.

उदाहरण जवळचेच घेतो. झाशीच्या पूर्वेला, बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधल्या मुलखात टहरौली तहसील आहे. राकड आणि परुआ ही तिथली तांबडी माती, मार आणि काबर ही काळी. खाली कठीण ग्रॅनाइट, त्यामुळे जमिनीच्या पोटात पाणी बेताचेच. खरिपात उडीद, तीळ, भुईमूग. रब्बीत गहू, हरभरा, वाटाणा. अशा ठिकाणी वाढत्या उन्हाचा विषय काढला की एखादे वडीलधारे हमखास म्हणणार, नौतपा काय आजचा आहे? सूर्य रोहिणीत गेला की मे अखेरचे ते नऊ दिवस भाजायचेच. यात खोटे काही नाही. टहरौलीच्या उत्तरेला असलेल्या कोंचला ७ मे १८५८ रोजी लढाई झाली, तेव्हा झाशी जिंकून आलेला ब्रिटिश सेनापती ह्यू रोझ स्वतः उन्हाने पुन्हापुन्हा कोसळला होता आणि त्याचे कितीतरी सैनिक उष्माघाताने आडवे झाले होते. बुंदेलखंडचे ऊन पहिल्यापासून असेच, या म्हणण्याला इतिहासाचा असा भक्कम आधार आहे. पण ‘असेच’ आणि ‘त्याहून थोडे जास्त’ यांतला फरक अर्ध्या-एक अंशाचा असतो, आणि तेवढा फरक ना अंगाला कळतो ना आठवणीत राहतो. तो सांगण्यासाठीच १८७५ साली आपले खाते निघाले, असे मी समजतो.

आता तो फरक आपण कसा सांगता ते पाहू. २०२३ हे वर्ष सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने उष्ण होते, असे आपल्या वार्षिक निवेदनात आले. २०२४ चे निवेदन आले, त्यातही ०.६५ च. वाचणाऱ्याला वाटावे, दोन्ही वर्षे सारखीच. पण २०२४ हे १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हे कसे? पहिल्या निवेदनातली सरासरी १९८१ ते २०१० या काळाची होती, दुसऱ्यातली १९९१ ते २०२० ची. पायाच वर सरकला. त्याहून बोलके उदाहरण २०१६ चे: जुन्या सरासरीशी तुलना करताना ते वर्ष ०.७१ अंशाने उष्ण होते, नव्या सरासरीशी तुलना करताना ०.५४ अंशाने. त्या वर्षीचा उन्हाळा उलटून गेला, पिके निघाली, माणसे विसरली, आणि आठ वर्षांनी कागदावर ते वर्ष थंड झाले!

दर दहा वर्षांनी तीस वर्षांची नवी सरासरी घ्यायची, ही जागतिक हवामान संघटनेची रीत आहे हे मला ठाऊक आहे. उद्याचा अंदाज सांगताना ताजी सरासरीच उपयोगी पडते, हेही मान्य. पण त्याच संघटनेने दीर्घकालीन बदल मोजण्यासाठी १९६१ ते १९९० हा जुना काळ स्थिर पाया म्हणून राखून ठेवायला सांगितले आहे. तो पाया आपल्या दैनंदिन आणि वार्षिक पत्रकांत सामान्य वाचकाला दिसत नाही. भरीस भर म्हणजे जागतिक संघटनेने २०२४ साठी दिलेला १.५५ अंशांचा आकडा १८५०-१९०० या काळाशी तुलना करून काढलेला आहे. वर्तमानपत्रे तो आपल्या ०.६५ शेजारी छापतात आणि भारत त्या मानाने वाचला असा समज होतो. दोष छापणाऱ्याचा असेल, पण पत्रकाच्या पहिल्याच ओळीत पायाचे साल ठळक असते तर तो घडलाच नसता.

हा नुसता आकडेमोडीचा वाद नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट; ४५ किंवा त्याहून जास्त झाले तर सरासरी न पाहताही लाट. मे महिन्यात झाशीला हा दुसरा निकष पुरतो. एप्रिलमध्ये मात्र पहिल्यावर भिस्त असते, आणि एप्रिलची सरासरी अर्ध्या अंशाने वर गेली की लाटेचा उंबरठाही अर्ध्या अंशाने वर जातो. पूर्वी ज्या दुपारी इशारा मिळाला असता, तशाच दुपारी आता मिळणार नाही. उन्हात कापणी करणाऱ्या मजुराचे शरीर दर दहा वर्षांनी नवी सरासरी काढत नाही.

वार्षिक सरासरीबद्दलही थोडे. आपल्याच हिशेबाप्रमाणे १९०१ ते २०२१ या काळात देशाचे सरासरी तापमान शंभर वर्षांत ०.६३ अंश या गतीने वाढले. त्यात कमाल तापमानाची गती ०.९९ आणि किमानाची ०.२६. म्हणजे दिवस आणि रात्र यांची वाट वेगळी आहे, आणि एकत्रित आकड्यात ती दिसत नाही. महिन्यांचेही तसेच. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. गव्हाचा दाणा भरण्याच्या ऐन वेळी ऊन पडले, दाणा बारीक राहिला आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीतले कमाल तापमान १८७७ पासूनचे सर्वाधिक. गहू पेरणाऱ्याला वर्षाच्या सरासरीचे काय करायचे? त्याला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च हवा.

आणि हवा तो टहरौलीचा. गंगेच्या मैदानात ओलिताने आणि हवेतल्या धूर-धुळीने दिवसाची तापमानवाढ काही अंशी दाबून ठेवली आहे, असे अनेक अभ्यास सांगतात. टहरौली त्या मैदानाच्या दक्षिण काठावर, खडकाळ पठाराच्या उंबऱ्याशी. भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे कर्कवृत्ताच्या दोन अंश उत्तरेला, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या बाहेरच. उन्हाला ते कोणी कळवलेले नाही. तिथे कुठला कल लागू होतो, मैदानाचा की मध्य भारताचा? आपण सर्वांसाठी खुले केलेले तापमानाचे आकडे एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश अशा चौकोनांचे आहेत. एका चौकोनाची बाजू साधारण शंभर किलोमीटर. एवढ्या चौकोनात झाशीचे डांबर आणि टहरौलीचे हरभऱ्याचे शेत एकाच आकड्यात जमा होऊ शकतात. टहरौलीत आज उत्तम स्वयंचलित केंद्र उभे राहिले, तरी त्याची तीस वर्षांची सरासरी मिळायला तीस वर्षे जावी लागतील. तोवर आधार एकच: झाशीच्या जुन्या केंद्राची वही.

या भागात पाण्यासाठी चांगली कामे झाली आहेत. इक्रिसॅट ही पीक-संशोधन संस्था आणि झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था यांनी परासई-सिंध परिसरात जुन्या ‘हवेली’चे बांध दुरुस्त केले. हवेली म्हणजे पावसाचे पाणी शेतात अडवायचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास सोडून त्या ओलीवर रब्बी घ्यायची, ही बुंदेलखंडची पिढीजात रीत. ती ओल किती दिवस टिकणार, हे उन्हावर ठरते. बांध किती उंच हवा याचे गणित करणाऱ्याला पावसाच्या नोंदी पाव अंशाच्या बारीक चौकोनात मिळतात आणि तापमानाच्या मात्र एक अंशाच्या. ही तफावत आपल्या अखत्यारीतली आहे.

तेव्हा मागणे असे. झाशी केंद्राच्या सुरुवातीपासूनच्या रोजच्या कमाल आणि किमान नोंदी, अर्ज आणि मागणीपत्राशिवाय, कोणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवाव्यात. त्यांच्यासोबत केंद्राची कुंडलीही द्यावी: ते कधी हलवले, उपकरण कधी बदलले, पाऱ्याच्या जागी संवेदक कधी आला, भोवती इमारती कधी उठल्या. मुंगेशपूरच्या अनुभवानंतर हे वेगळे पटवून द्यायची गरज नसावी. आणि प्रत्येक पत्रकात ताज्या सरासरीच्या शेजारी १९६१-९० च्या तुलनेतला फरकही छापावा. त्याला नवे उपकरण लागत नाही, नवी पदे लागत नाहीत. एक रकाना वाढवावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्याची आकडेवारी तशी मांडता आली असती, पुढच्या वार्षिक निवेदनापासून तरी तशी मांडणी करावी, ही विनंती.

आपला,
एक झाशीकर मराठी वाचक