लावलेले झाड आणि जगलेले झाड

जुलै उजाडला की आपल्या शहरात झाडे लावण्याची लगबग सुरू होते. मंडप पडतो, खड्डे आधीच खणून ठेवलेले असतात, पाहुण्यांच्या हाती रोप दिले जाते, तांब्याभर पाणी ओतले जाते, छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी आकडा जाहीर होतो. हा आकडा नेहमीच मोठा असतो. परंतु त्याच रोपांपैकी पुढच्या मे महिन्यात किती उभी होती, हा आकडा मी आजवर कोठे जाहीर झालेला पाहिला नाही. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की झाडांचा हिशेब जुलैत न करता मे महिन्यात करावा, आणि तोही लागोपाठ तीन वर्षे करावा.

कोणाच्या हेतूविषयी मला शंका नाही. कन्हैयालाल मुन्शी यांनी केंद्रीय मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून पावसाळ्यात झाड लावणे ही देशाची रीत झाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण आपल्या हवामानाचाही विचार करायला हवा. वसईत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने कोरडे. जुलैत लावलेल्या रोपाला मूळ खोल न्यायला जेमतेम अडीच-तीन महिने मिळतात. पुढे माणसाने पाणी घातले तर ते जगते, नाहीतर संक्रांतीपर्यंत पाने गाळते आणि होळीपर्यंत त्याची काटकी होते. असे पहिले तीन उन्हाळे काढले की मूळ खालच्या ओलीपर्यंत पोचते आणि झाड आपले पोट आपण भरू लागते. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्यातली जगली किती, यावरून पुढे वाद झाला आणि विधानसभेत चौकशीची मागणीही झाली. म्हणजे लावलेल्या झाडाचा आकडा सहज मिळतो, जगलेल्याचा मिळत नाही, हे दुखणे काही एकट्या वसई-विरारचे नाही.

मात्र वसईला हे दुखणे शोभत नाही. झाड कसे जगवावे हे जाणणाऱ्यांचाच हा मुलूख आहे. आमची स्वतःची थोडीशी वाडी आहे. तीत लावणीचा दिवस वर्षातून एखादा असे, बाकीचे सगळे दिवस राखणीचे. आजोबा केळीला आळे करून पाटाने पाणी सोडीत, घड धरला की टेकू देत, नव्या माडावर पहिल्या उन्हाळ्यात झावळ्यांची सावली करीत. गळलेला पाचोळा त्यांनी कधी पेटवला नाही. तो झाडाच्या बुडाशी पसरला की माती ओली राहते आणि कुजला की त्याचे खत होते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. राजेळीची सुकेळी, पानवेली, मोगरा आणि सोनचाफा यांनी वसईचे नाव मुंबईच्या बाजारात गाजवले, ते अशाच राखणीच्या जोरावर.

मराठी मनाला ही गोष्ट नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याचा विषय आहे. आंबा-फणसाला हात लावू नये असे तेथे बजावले आहे. कारण दिले आहे ते असे, की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी जपून वाढवलेली असतात. झाड कोणी लावले याला तेथे फारसे महत्त्व नाही. किती वर्षे जपले, याला आहे.

मग आपल्या रस्त्यावरचे झाड का मरते? मला वाटते, मूळ कारण मालकीत आहे. वाडीतल्या प्रत्येक झाडाला धनी होता. गेल्या चाळीस वर्षांत वसईचे रूप पालटले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला, तो बागायतीची जमीन आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी. त्यातून बरेच काही वाचले, बरेच गेलेही. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १२ लाखांवर भरली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेल्या माणसाला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्यालाही सावली हवीच आहे. झाले एवढेच, की अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या, कित्येक बावखले बुजली, आणि झाड वाडीतून रस्त्याच्या कडेला आले. तेथे ते सर्वांचे झाले, म्हणून कोणाचेच राहिले नाही.

या बेवारशी झाडाचे हाल आपण रोज पाहतो. त्याचा खड्डा हातभर खोल, आणि त्यातही माती कमी नि बांधकामाचा भराव जास्त. बुंध्याला काँक्रीट किंवा फरशी इतकी भिडलेली, की पावसाचे पाणीसुद्धा मुळाशी जाऊ नये. लोखंडी पिंजरा वेळेवर न काढल्यामुळे तो खोडात रुतलेला. अंगावर जाहिरातींचे खिळे. गटारासाठी एका बाजूची मुळे तोडायची, तारांसाठी दुसऱ्या बाजूच्या फांद्या छाटायच्या आणि मग वादळात झाड पडले की झाडालाच धोकादायक ठरवायचे, हा तर शिरस्ताच झाला आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात किनारपट्टीवर असंख्य झाडे पडली. वाऱ्याचा जोर मोठा होता हे खरेच. परंतु एकीकडून मुळे तोडलेले झाड उभे राहील, अशी अपेक्षा तरी कशी करावी? दिल्लीतल्या झाडांविषयी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे हे करायला आदेशाची वाट कशाला पाहायची?

झाडाच्या निवडीविषयीही दोन शब्द लिहितो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलतो सुरेख, पण त्याचे लाकूड ठिसूळ. तो उपटून टाका असे मी म्हणणार नाही. नवे लावताना मात्र आपल्या मातीची झाडे आधी आठवावीत. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत भेंडी, उंडी आणि करंज तग धरतात. रस्त्याकडेला ताम्हण लावावी. ती आपल्या राज्याचे फूल आहे, आणि ऐन उन्हाळ्यात जांभळी होऊन जाते. बागांमधून विदेशी हिरवळ अंथरून तिच्यावर रोज पाणी मारायचे आणि बसायला सावली मात्र नाही, असली शोभा आपल्याला परवडणारी नाही. दुपारी स्टेशनबाहेर भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला एक डेरेदार करंज जेवढा उपयोगी पडेल, तेवढी एकरभर हिरवळ पडणार नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्र नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा १९७५ सालचा. वृक्ष प्राधिकरण नेमणे, ठरावीक मुदतीने वृक्षगणना करणे आणि परवानगीवाचून होणारी तोड रोखणे, हे सर्व त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले आणि ती सात वर्षे सांभाळण्याची जबाबदारीही सांगितली. कायद्याच्या नावातच ‘जतन’ हा शब्द आहे. व्यवहारात तेवढाच गळतो. एका कचेरीत मी रोपांच्या पाण्याविषयी विचारायला गेलो असता उत्तर मिळाले, “लागवड आमच्याकडे, पाण्याचे ठेकेदाराला विचारा.” ठेकेदार कोण, हे सांगायला तेथे कोणी नव्हते.

येथे कोणी म्हणेल, सूर्या धरणाचे पाणी येऊनही ज्या शहरात माणसे टँकरची वाट पाहतात, तेथे झाडांना पाणी कोठून आणायचे? आक्षेप रास्त आहे. पण कोवळ्या रोपाला रोज पाणी लागतच नाही. आठवड्यातून दोनदा एकेक बादली सावकाश मुरवली तर मूळ खाली जाते. रोज वरवर शिंपडले तर ते वरच राहते. तेवढ्यासाठी भांडी-भाजी धुतलेले पाणी पुरते. बुडाशी पाचोळा असला तर आणखी कमी लागते. तोच पाचोळा आज आपण झाडून पेटवून देतो! शिवाय झाडे कमी लावावीत. शंभर लावून दहा जगवण्यापेक्षा वीस लावून अठरा जगवणे स्वस्त पडते.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, ठेकेदाराचे निम्मे पैसे राखून ठेवावेत आणि ते तीन हप्त्यांनी, दर मे अखेर जिवंत झाडे मोजून द्यावेत. दुसरी, प्रत्येक प्रभागात कायमचा माळी असावा आणि ते काम वाडीत राबलेल्या माणसांना आधी द्यावे. आजोबांच्या पिढीची ही माणसे आज थकत चालली आहेत. त्यांचे हात चालतात तोवर नव्या पोरांना त्यांच्या हाताखाली शिकू द्यावे. नंतर हे ज्ञान कोठल्याही निविदेने मिळणार नाही.

तिसरी सूचना आपल्यासाठी आहे. मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपणही दर जुलैत रोपे लावतो, आणि पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात लावतो. आपली पदवी किमान तीन वर्षांची आणि झाडाला हवेत तीन उन्हाळे. प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीने पाचच झाडे लावावीत. ती तुकडी तृतीय वर्षाची परीक्षा देईपर्यंत ती झाडे तिची. मे महिन्यात सुट्टी असते हे मला ठाऊक आहे. पण आपल्यापैकी बहुतेक जण येथलेच, जवळ राहणाऱ्यांची पाळी लावता येईल. प्राध्यापक महोदयांना माझी विनंती आहे, की सेवा योजनेच्या अहवालात लावलेल्या रोपांचा रकाना आहेच, त्याच्या शेजारी ‘तिसऱ्या मे अखेर जिवंत’ असा आणखी एक रकाना आखावा आणि तो दर वर्षी याच अंकात छापावा. पहिल्या वर्षी तो रकाना आपल्याला लाज आणील. तरीही छापावा, तो छापला जाणार आहे हे ठाऊक असले, तर पुढच्या मे महिन्यात बादली घेऊन जाणारे चार हात नक्की वाढतील.